बाबांवरचा लेख नक्की कुणासाठी? वाचक आणि उद्देश यांची तुलना कशी करायची

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की पुरवण्यांमध्ये बाबांची गर्दी होते. एका पानावर वडिलांच्या आठवणी, दुसऱ्यावर नव्या बाबांसाठी टिपा, मागच्या पानावर मुदत विम्याची जाहिरात आणि तिच्यातही बाळाला खांद्यावर घेतलेला तरुण. विषय एकच, पण तिन्ही मजकूर वेगवेगळ्या माणसांशी बोलत असतात आणि प्रत्येकाला आपल्या वाचकाकडून काहीतरी निराळं हवं असतं. पदवीच्या प्रकल्पासाठी, पुरवणीचं नियोजन करताना किंवा आरोग्यसंस्थेचं पत्रक लिहायला घेण्याआधी अशा लेखांची तुलना करावी लागते. ती बहुतेकदा ‘वाचकवर्ग : पालक, उद्देश : माहिती देणे’ एवढ्यावर आटोपली जाते. पालक म्हणजे नेमकं कोण आणि माहिती कशासाठी, हे तर विचारायचंच राहून जातं.

बाबांवरच्या लेखनात एक खास गोम आहे. शीर्षकात बाबा असतात, पण लेख वाचून झाल्यावर उठून काही करायचं असतं ते दुसऱ्याच कुणीतरी : आईने, विमा घेणाऱ्याने, कधी आस्थापना शाखेतल्या लिपिकाने. तो माणूस हुडकून काढायचा, बाकी सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १ : लेख निवडणं

चार ते सहा लेख पुरतात. ‘पितृत्व’ हा विषय घेऊन बसलात तर एका हाती कविता आणि दुसऱ्या हाती शासन निर्णय अशी अवस्था होईल. म्हणून आधी एक अरुंद प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ, ‘बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत बाबाने काय करायचं?’ किंवा ‘रजेबद्दल बाबांना काय सांगितलं जातं?’ मग त्या प्रश्नाला स्पर्श करणारे, पण वेगवेगळ्या दारांतून आलेले मजकूर गोळा करा : एखादा सेवानियम किंवा परिपत्रक, दवाखान्यातलं पत्रक, पुरवणीतला लेख, एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा लेख, वकिलाने सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं कायद्याचं स्पष्टीकरण. एकाच प्रकारचे सहा लेख घेतले तर तुलनेत शैलीचे बारकावे मिळतील, उद्देशातला फरक मात्र हाती लागणार नाही.

ऑनलाइन लेख असेल तर तो पीडीएफ करून ठेवा आणि ज्या दिवशी वाचला ती तारीख वर लिहा. हे मजकूर मागाहून बदलले जातात, शीर्षकं तर हमखास. शीर्षकाची नोंद वेगळी करण्याचं आणखी एक कारण म्हणजे वर्तमानपत्रात ते बहुधा लेखक देत नाही, उपसंपादक देतो. लेखकाने आईसाठी लिहिलेल्या लेखावर ‘बाबांनो, ऐकताय ना?’ असं शीर्षक चढलेलं असू शकतं. त्यामुळे लेखकाचा उद्देश सिद्ध करायला शीर्षकाचा पुरावा देऊ नका. शीर्षक आणि मजकूर यांत अंतर असेल, तर ते अंतर हाच तुमचा एक मुद्दा होतो.

पायरी २ : मजकुरामागे पैसा कुणाचा

वाचायला सुरुवात करण्याआधी लेखाच्या कडा पाहा. वर किंवा खाली बारीक अक्षरात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘सहयोग’, ‘भागीदारी’ असं काही आहे का? समाजमाध्यमांवर पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेल्या मजकुरावर असं लेबल लावावं, असे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. एखादा ‘इन्स्टाग्रामवरचा बाबा’ बाळाची गाडी ढकलत अनुभव सांगत असेल, तर आधी लेबल शोधा आणि मग त्याचा गहिवर मोजा.

बाळाच्या दुधाबाबत तर अधिकच सावध राहायला हवं. शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्याविषयीच्या १९९२ च्या कायद्याने (२००३ मध्ये तो आणखी कडक झाला) दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा वस्तूंची जाहिरात करायला बंदी आहे. ‘रात्रीचं एक फीड बाबांनी द्या’ हा सल्ला वरवर समतेचा वाटतो. पण त्याच परिच्छेदात एखाद्या डब्याचं किंवा बाटलीचं नाव झळकलं, तर लेखाचा उद्देश समता नव्हे, विक्री आहे असं समजून पुढे वाचा. नाव नसलं तरी एक गोष्ट तपासा : पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लेखात कुठे येते का? आईचं काढून ठेवलेलं दूध बाबाने वाटी-चमच्याने पाजावं असा पर्याय दिला आहे, की थेट बाटलीवर उडी आहे?

पायरी ३ : क्रियापदं आणि संबोधन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आठशे शब्दांच्या लेखाला पाऊण तास धरा. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन परिच्छेदांतल्या सगळ्या क्रियापदांखाली रेघ मारा. मधल्या भागात फक्त जिथे वाचकाशी थेट बोललं आहे तिथे खूण करा.

आधी व्याकरणातला पुरुष पाहा, म्हणजे वाचकाला ‘तू’ म्हटलंय, ‘तुम्ही’ की ‘आपण’. ‘अरे, बाबा होणार आहेस ना?’ ही दोस्तीची भाषा शहरी, तिशीच्या आतबाहेरच्या वाचकाला जवळ ओढते. पन्नाशीच्या आजोबांना ती खटकेल आणि लेखाला तेच हवं असेल. ‘तुम्ही’ सर्वसाधारण. ‘आपण’ दोन प्रकारचं असतं : आदराचं आणि सामावून घेणारं. ‘आपण पुरुष रडत नाही’ असं लिहिणारा स्वतःला वाचकांत धरतो, म्हणजे वाचक पुरुष आहे हे त्याने न सांगता ठरवूनच टाकलं. ‘बाळाला उन्हात न्यावे’ अशा विध्यर्थी वाक्यात कर्ता गायब असतो. पत्रकांना ही भाषा प्रिय असते, कारण कुणी न्यायचं हे सांगावं लागत नाही. घरात मात्र ते कुणीतरी ठरवतंच, आणि बहुतेक घरांत ते कोण असतं हे वेगळं सांगायला नको.

मग लिंग. मराठीत हे फार सोपं पडतं, कारण व्याकरण चहाडी करतं. नमुन्यादाखल रचलेलं हे वाक्य पाहा : ‘पालकांनो, दिवसभर बाळाच्या मागे धावून तुम्ही दमलेल्या असाल, तरी झोपण्याआधी दहा मिनिटं स्वतःसाठी काढा.’ सुरुवात पालकांना उद्देशून झाली आणि ‘दमलेल्या’पाशी लेखकाच्या मनातला वाचक उघडा पडला. ‘तुम्ही एकट्या नाही आहात’ हेही तसंच. असा एक शब्द सापडला की संपूर्ण लेखातली त्याची भावंडं शोधा. एकदाच आला असेल तर कदाचित घाईतली चूक, तीन-चारदा आला तर तो लेख आईसाठीच आहे, बाबा त्यात विषय म्हणून आहेत.

तिसरी खूण विभक्तीची. ‘बाबा’ लेखात कुठल्या रूपात येतात ते मोजा. ‘बाबांनी बाळाला आंघोळ घालावी’ यात बाबा काम करतात. ‘बाबांनाही सामील करून घ्या’, ‘बाबांवर छोटी जबाबदारी टाका’ यात काम करून घेणारी दुसरीच व्यक्ती आहे आणि लेख तिच्याशी बोलतो आहे. ‘-ही’ आणि ‘सुद्धा’ यांच्यावर नजर ठेवा. ‘बाबासुद्धा लंगोट बदलू शकतात’ या वाक्याचा खरा वाचक शंका घेणारा आहे. तो बाबा असेल, आजी असेल, पण लंगोट रोज बदलणारा बाबा नक्कीच नाही. ‘मदत’ हा शब्दही असाच तपासा. बाबा ‘मदत करतात’ असं लिहिलं की काम मुळात दुसऱ्याचं आहे हे लेखाने मान्य केलं.

एक सापळा आठवणींच्या लेखांत आहे. ‘बाबा, तुम्ही कधी बोललाच नाहीत’ अशी सुरुवात असलेला लेख बाबांना उद्देशून असतो, पण बाबांसाठी नसतो. ज्याला हाक मारली तो वेगळा आणि ज्याने वाचावं अशी अपेक्षा आहे तो वेगळा. अशा लेखाचा वाचक लेखकाच्याच वयाचा, वडिलांशी तसंच अबोल नातं असलेला माणूस असतो. नोंद करताना ‘संबोधित’ आणि ‘वाचक’ असे दोन रकाने ठेवले नाहीत तर इथे हमखास घोळ होतो.

पायरी ४ : उद्देश एका कृतीत लिहा

‘जागृती करणे’, ‘प्रबोधन करणे’, ‘माहिती देणे’ हे शब्द वहीत लिहायचेच नाहीत असं ठरवून टाका. त्यांच्याऐवजी हे वाक्य पुरं करा : ‘लेख वाचून झाल्यावर, येत्या आठवड्यात, अमुक माणसाने अमुक गोष्ट करावी.’ अर्ज करावा, दवाखान्यात यावं, हप्ता भरावा, नवऱ्याला लेख पाठवावा, वडिलांना फोन करावा, किंवा फक्त बरं वाटून घ्यावं. शेवटचाही उद्देशच आहे, त्याला कमी लेखू नका. धीर देणारा लेख सूचनांच्या लेखाच्या मापाने मोजला तर तो उगाच पोकळ ठरतो.

सांगितलेला उद्देश आणि साधला जाणारा उद्देश वेगळे निघतात तेव्हा पुरावा शेवटच्या परिच्छेदात असतो. मुलांच्या शिक्षणाची काळजी, बदलता काळ, एकत्र कुटुंबाचा लोप असं सगळं फिरून लेख जर ‘आजच नियोजन करा’ यावर टेकला, तर वरचं सगळं त्या वाक्यापर्यंत आणण्यासाठी होतं.

एकच तथ्य, तीन मजकूर

ही पद्धत पक्की करायची असेल तर पंधरा दिवसांच्या पितृत्व रजेवर हात चालवा. तथ्य छोटं आहे आणि तपासायला सोपं. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांतल्या ४३-अ नुसार, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची रजा मिळते. बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून ते प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ती घ्यायची, नाहीतर ती जाते. खासगी नोकरीत अशी रजा द्यायलाच हवी असं सांगणारा देशव्यापी कायदा नाही. मातृत्वाची मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे.

परिपत्रकात हेच ‘अनुज्ञेय राहील’ (मिळू शकेल), ‘व्यपगत होईल’ (वाया जाईल) अशा शब्दांत येतं. वाचायला बाबांसाठी, पण खरा वाचक रजा मंजूर करणारा अधिकारी. म्हणून त्यात ‘हयात अपत्ये’ची अट ठळक असते आणि बाळाचा उल्लेख जवळजवळ नसतो.

पुरवणीतल्या लेखात तोच आकडा तक्रार होऊन येतो : ‘आईला सहा महिने आणि बाबाला फक्त पंधरा दिवस!’ वाचक नोकरदार जोडपं, कृती म्हणजे मान डोलावणं आणि चर्चा. इथे नेहमी होणारी चूक अशी की पंधरा दिवस ‘भारतातल्या बाबांना’ मिळतात असं लिहिलं जातं. केंद्राच्या नियमाचा लाभार्थी आणि लेखाचा वाचक यांची सरमिसळ झालेली असते. खासगी कंपनीतला वाचक तो लेख घेऊन मनुष्यबळ विभागात गेला तर रिकाम्या हाताने परत येईल. लेखाने कुणाशी बोलायचं हे नीट ठरवलं नाही, की माहिती खरी असूनही अशी फसगत होते.

तिसरा मजकूर कंपनीच्या संकेतस्थळावरचा : ‘आमच्याकडे बाबांना चार आठवडे.’ हसरा कर्मचारी, बाळाचा फोटो. वाचक सध्याचा कर्मचारी नाहीच, त्याला धोरण अंतर्गत पत्रातून कळलेलं असतं. वाचक आहे नोकरी शोधणारा. पात्रतेच्या अटी, म्हणजे किती महिने नोकरी झालेली हवी, दत्तक बाळाला लागू आहे का, रजा तुकड्यांत घेता येते का, यांतलं काहीच तिथे नसेल तर खात्रीने पटतं की मजकूर भरतीसाठी आहे.

तिन्ही मजकुरांतून त्या रजेबद्दलचं एकेक वाक्य उतरवून एकाखाली एक लिहा. तुलनेचा निम्मा लेख तिथेच तयार होतो.

स्वीडन आणि जपानची पोस्टरं

एकच उद्देश असताना संबोधन बदललं की काय होतं, हे पाहायला सरकारी प्रचारासारखं साहित्य नाही. स्वीडनने १९७४ मध्ये प्रसूती रजेच्या जागी आई-बाबा दोघांना वाटून घेता येईल अशी पालकत्व रजा आणली. कायदा झाला, पण पुरुष रजा घेईनात. म्हणून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या सामाजिक विमा यंत्रणेने पोस्टर काढलं : लेनार्ट डालग्रेन हा धिप्पाड भारोत्तोलक, दंडावर इवलंसं बाळ. आता संबोधन वाचा. हे पोस्टर आईशी बोलत नाही, बाळाच्या हिताबद्दलही बोलत नाही. ‘रजा घेतली तर कारखान्यातले दोस्त हसतील’ या पुरुषाच्या भीतीला ते उत्तर देतं. तिथला वाचक एकटा बाबाही नव्हता, हसणारे दोस्तही होते.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाने १९९९ मध्ये एका प्रसिद्ध नर्तकाच्या हाती त्याचंच बाळ देऊन पोस्टर काढलं. घोषवाक्याचा आशय असा की जो मुलं सांभाळत नाही त्याला बाप म्हणत नाहीत. म्हणजे बाबाशी थेट बोलणं, तेही दटावून. २०१० मध्ये त्याच कामासाठी मंत्रालयाने ‘इकुमेन’ प्रकल्प सुरू केला. देखण्या पुरुषांसाठीच्या बोलीतल्या शब्दावरून बेतलेलं ते नाव मूल सांभाळणाऱ्या बाबाला रुबाबदार ठरवतं. उद्देश दोन्हीकडे तोच, पुरुषांनी मुलांची कामं करावीत. पहिल्यात वाचक आरोपी, दुसऱ्यात उमेदवार. दुसऱ्या पद्धतीतली खोट तुलना करताना नोंदवण्याजोगी आहे : आई जे रोज करते त्याला नाव नाही, आणि बाबाने केलं की त्याला खास बिरुद.

स्वीडनची गोष्ट इथेही संपवू नका. पोस्टरने जे साधलं नाही ते पुढे नियमातून करावं लागलं : १९९५ मध्ये एक महिना, २००२ मध्ये दुसरा आणि २०१६ मध्ये तिसरा महिना प्रत्येक पालकासाठी राखीव झाला, म्हणजे आज ४८० दिवसांपैकी ९० दिवस बाबाने घेतले नाहीत तर ते वाया जातात. एखाद्या लेखाचा उद्देश साधला का, हे ठरवताना लेखनाला सगळं श्रेय किंवा सगळा दोष देऊ नये, ते यासाठी.

पायरी ५ : काय गृहीत धरलंय, कोण वगळलंय

लेखात कुठल्या शब्दाचा अर्थ सांगितलाय आणि कुठल्याचा नाही, याच्या दोन याद्या करा. ‘एमआर लस’ (म्हणजे गोवर-रुबेलाची) स्पष्टीकरणाशिवाय आली तर वाचक दवाखान्याच्या सरावाचा आहे. ‘वर्क फ्रॉम होमच्या दिवशी बाळाला सांभाळा’ म्हणणारा लेख ऊसतोडीला गेलेल्या, ट्रक चालवणाऱ्या, आखातात नोकरीला असलेल्या बाबाशी बोलतच नाही. ते चूक आहे असं नाही. कुठलाही लेख सगळ्यांसाठी नसतो. पण लेख स्वतःला ‘प्रत्येक बाबासाठी’ म्हणवत असेल तर मग हिशेब मागायला हरकत नाही. एकल बाबा, दत्तक बाळाचा बाबा, घटस्फोटानंतर रविवारी भेटणारा बाबा यांच्यासाठी एखादं तरी वाक्य आहे का, पाहा.

वगळण्याने कधी थेट नुकसान होतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ‘कांगारू मदर केअर’ सुचवतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास त्वचेला त्वचा लावून बाळाला छातीशी धरायला सांगते. सिझेरियन झालेल्या आईला एकटीने हे तास भरणं अवघड आहे आणि बाबाही हे काम करू शकतो. पण पत्रकाच्या नावात ‘मदर’, चित्रात आई आणि दर वाक्याला ‘आईने’ असेल, तर दाराबाहेर बाकावर बसलेला बाबा ते पत्रक आपलं समजणार नाही. या पत्रकाचा उद्देश आणि वाचक यांची गाठच पडत नाही. सुधारायला ‘आईने किंवा बाबांनी’ एवढं पुरत नाही. शर्टची बटणं पुढून उघडावीत, बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे असावेत, तोंड एका बाजूला आणि नाक मोकळं असावं, अशा बाबाला लगेच करता येतील अशा सूचना आणि एक बाबाचं चित्र हवं.

कायद्यावरच्या लेखांत हाच प्रश्न उलटा येतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यात ‘नंतर’चा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा नाही, वडिलांच्या अनुपस्थितीतही, असा लावला. मुलाच्या ताब्यासाठी झगडणाऱ्या वडिलांसाठी लिहिलेला लेख पहिल्या वाक्यावर थांबतो आणि आईसाठी लिहिलेला दुसऱ्यापासून सुरू होतो. दोन्हींत खोटं काही नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय हे कळतही नाही.

पायरी ६ : लिहून काढणं

आडव्या कागदावर सात रकाने आखा : प्रकाशक व तारीख, संबोधित, खरा वाचक, बाबा कुठल्या रूपात, अपेक्षित कृती, गृहीत धरलेलं, वगळलेलं. प्रत्येक रकान्यात मतापुढे लेखातले दोन-तीन शब्द अवतरणात टाका. अवतरण मिळालं नाही तर ते मत खोडा.

लिहिताना ‘लेख अ असा आहे, लेख ब तसा आहे’ अशी रांग लावू नका. ते दोन परीक्षणं होतात, तुलना होत नाही. एका परिच्छेदात एक मुद्दा घ्या आणि त्यावर सगळे लेख एकत्र बोलू द्या. सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा देण्याचीही गरज नाही. जिथे लेख खरोखर वेगळे पडतात तिथे रेंगाळा, बाकी एका ओळीत उरका. ‘हा लेख अधिक चांगला’ हा निवाडा द्यायचाच असेल तर त्याच लेखाच्या उद्देशाच्या मापाने द्या.

शेवटी एक चाचणी घ्या. प्रत्येक लेखातला मधलाच एक परिच्छेद शीर्षक, नाव आणि छायाचित्र काढून दोन जणांना वाचायला द्या. जमलं तर त्यांतला एक जण लहान मुलाचा बाबा असावा. त्यांना दोनच प्रश्न विचारा : हे कुणाला सांगितलंय, आणि त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे? उत्तरं तुमच्या रकान्यांशी जुळली नाहीत, तर त्यांना कुठल्या शब्दावरून तसं वाटलं ते विचारून तो शब्द कागदावर उतरवा. मग त्या लेखाची तिसरी पायरी पुन्हा करा.